उत्तर मिळालं नाही

विलो बेंड, १४ जानेवारी

लॉयड,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता टाइप केलाय. आता उघडलंच आहेस तर वाच.

निवडणुकीतल्या नेत्यांच्या वादचर्चेची पद्धत सुधारण्यासाठी प्रांताने समिती नेमली आहे आणि तिची अध्यक्ष मी आहे, हे तू पेपरात वाचलं असशील. त्याच बातमीत खाली तुझं नाव होतं. मुख्यमंत्र्यांच्या पक्षातर्फे प्रतिनिधी, लॉयड हालाबुरा. आपण सख्खे बहीण-भाऊ आहोत हे मी सचिवांना लगेच लेखी कळवलं. ते म्हणाले, "मॅडम, या प्रांतात नातेवाईक वगळायचे म्हटलं तर बैठकीला फक्त खुर्च्या उरतील." कोणत्याच पक्षाने हरकत घेतली नाही. तुझ्या पक्षाला वाटलं असेल, बहीण आहे, सांभाळून घेईल. विरोधकांच्या कानावर आपला अबोला गेला असावा.

या पत्राची प्रत सचिवांकडे जाते आहे. मला काही लपवायचं नाही. शिवाय तू उद्या म्हणायला नको, की इर्माने चोरून गळ घातली.

गेल्या निवडणुकीतली वादचर्चा मी परवा पुन्हा पाहिली. इतकी वर्षं न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून मी चोर पाहिले, दारुडे पाहिले, बायकांना मारणारे पाहिले. पण त्यांच्यातला कुणी प्रश्न विचारल्यावर कॅमेऱ्याकडे बघून हसला नव्हता. दोघांना दोन चकचकीत स्टँडांमागे उभं केलेलं, जणू आता कुणी फ्रीज जिंकणार आहे. उत्तराला इतका कमी वेळ, की नाव-गाव सांगेपर्यंत लाल दिवा लागतो. निवेदकाचे प्रश्न त्यांच्या उत्तरांहून लांब, आणि त्याचे केस त्याच्या प्रश्नांहून जास्त विंचरलेले. तुझा मुख्यमंत्री ग्रँट मॅकेल्वी, विचारलं गव्हाच्या भावाबद्दल तरी "कष्टाळू कुटुंबं" म्हणतो, आणि शाळांबद्दल विचारलं तरी "कष्टाळू कुटुंबं" म्हणतो. विरोधी पक्षाच्या नोरीन कार्डिनलबाई त्याच्यावर बोलत होत्या, म्हणजे अक्षरशः त्याच्या आवाजावर आवाज चढवून. कुणाचं काहीच ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरांनी लिहिलं काय, तर "जोरदार सामना".

आणि हे सगळं तू बसवलंस. स्टँडची उंची, दिव्यांचा रंग, आणि ती एक गोष्टसुद्धा, जिच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

बैठकीला वेळेवर ये.

इर्मा


विलो बेंड, २२ फेब्रुवारी

लॉयड,

काल बैठकीत तू जे जे मागितलंस त्याची नोंद सचिवांनी केली आहे. ती वाचून ते चष्मा पुसत होते. हसत होते की रडत होते, मी विचारलं नाही.

ग्रँटला उभं राहायला लाकडी पाट हवा. पाट कॅमेऱ्यात दिसता कामा नये. सभागृह गार हवं, कारण त्याला घाम येतो. समोरचा बोलत असताना ग्रँटचा चेहरा दाखवायचा नाही, कारण "ऐकताना तो जरा रागीट दिसतो." लॉयड, तो रागीट दिसत नाही. तो ऐकत नाही. चेहऱ्यावर तेच दिसतं.

विरोधकांच्या प्रतिनिधीला, कीथ ओबर्गला, मी झुकतं माप दिलं असं म्हणू नकोस. त्या गृहस्थाने नोरीनबाईंची डावी बाजू दाखवा, उजवी नको, म्हणून कॉफी गार होईपर्यंत भाषण दिलं. नोरीनबाईंच्या डाव्या गालाचं धोरण काय आणि उजव्याचं काय, असं विचारल्यावर तो तुझ्याकडे बघायला लागला. तुम्ही दोघं एकमेकांना किती छान ओळखता! जेवणाच्या सुट्टीत एकाच टेबलावर बटाटा भरलेल्या पेरोगी खात होतात आणि वाटीतलं सावर क्रीम एकमेकांकडे सरकवत होतात. बैठक सुरू झाली की परत शत्रू.

माझा प्रस्ताव साधा होता. स्टँड नकोत, प्रेक्षक नकोत, निवेदक नको. एक टेबल. दोन नेते बसलेले. एक बोलत असेल तेव्हा दुसऱ्याचा माइक बंद. प्रश्न फक्त तीन, आणि ते विचारणारी माणसं साधी मतदार, चिठ्ठी टाकून निवडलेली. ज्याचा प्रश्न असेल तो टेबलापाशीच बसेल. आणि उत्तर मिळालं नाही असं त्याला वाटलं, तर तो म्हणेल, "उत्तर मिळालं नाही." मग नेत्याने पुन्हा बोलायचं. घड्याळ नाही.

बाकी सगळ्यावर तुम्ही कुरकुरलात. या शेवटच्या कलमावर मात्र उठून उभे राहिलात.

"हे कोर्ट नाहीये, इर्मा," तू म्हणालास.

"नाहीच आहे," मी म्हटलं. "कोर्टात खोटं बोलल्यावर शिक्षा होते."

"साधा माणूस भावनेच्या भरात दहादा म्हणेल, उत्तर मिळालं नाही. मग काय रात्रभर बसायचं?"

"दहाव्यांदा तरी उत्तर द्यायचं."

कीथ म्हणाला, "न्यायमूर्ती, लोकांना हे कंटाळवाणं वाटेल हो."

लोकांना कंटाळा येईल याची काळजी तुम्हाला कधीपासून लागली? शहाणा वकील साक्षीदाराला बोलू देतो. तुम्ही दोघं आपल्या नेत्याला बोलू द्यायला घाबरता. आपण कुणाला पुढे केलंय हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

इर्मा


विलो बेंड, ३० एप्रिल

लॉयड,

नव्या पद्धतीची चाचणी पाहायला तू आलास. शेवटच्या रांगेत टोपी घालून बसलास म्हणजे दिसणार नाहीस असं तुला वाटलं असेल. दिसलास. लहानपणी चर्चच्या तळघरात वादविवाद स्पर्धा व्हायच्या, तेव्हा हरायची वेळ आली की तू असाच टोपी खाली ओढायचास.

कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, हॉलमधला बर्फ वितळवून तिथे टेबल लावलं, आणि शेजारच्या दोन गावांचे महापौर नेते म्हणून बसवले. चाचणीपुरतं गावकऱ्यांनाही येऊ दिलं होतं. प्रश्न विचारला एका निवृत्त बसचालक बाईने. पोहण्याचा तलाव तीन उन्हाळे बंद का? पहिला महापौर पोरांच्या आरोग्यावर बोलला. बाई म्हणाली, "उत्तर मिळालं नाही." तो खेळाच्या परंपरेवर बोलला. "उत्तर मिळालं नाही." मग तो पाणी प्यायला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "खरं सांगू? पंप बिघडला, आणि मी विसरून गेलो."

मग लोक टाळ्या वाजवायला लागले, लॉयड. विसरलो म्हणणाऱ्या माणसाला टाळ्या! महापौराचा चेहरा असा झाला जणू कुणी पाठीवरून पोतं उतरवलं. पंप पुढच्या आठवड्यात दुरुस्त झाला म्हणे.

आणि आज सचिवांनी कळवलं की तुझ्या पक्षाने सगळी कलमं मान्य केली. एकही दुरुस्ती नाही. पाटसुद्धा मागितला नाहीस. तू मागे हटलेला पाहून कीथनेही सही केली.

मी तुला ओळखते. तू काही मान्य करतोस तेव्हा तुला त्यात काहीतरी दिसलेलं असतं. काय दिसलं ते मला अजून कळलेलं नाही. तुला वाटत असेल की बहिणीला आनंद झाला असेल. नाही झाला.

इर्मा


विलो बेंड, २७ सप्टेंबर

लॉयड,

या पत्राची प्रत कुणालाही जात नाही. यात समितीचं काही नाही. हे आपल्या घरातलं आहे.

तीन मतदारांची नावं ठरल्याप्रमाणे जाहीर झाली. त्यातली ट्रूडी फ्रीसन, लोन पॉपलर गावची, काल मला फोन करून विचारत होती की कपडे कोणते घालायचे. बोलता बोलता म्हणाली, "तुमचा भाऊ येऊन गेला. किती चांगला माणूस! केक घेऊन आला होता. हेन्रीचं सगळं ऐकून घेतलं. रडला हो माझ्यासमोर."

तुला काय दिसलं होतं ते मला तेव्हा कळलं.

मतदारांना भेटायला बंदी आहे असं मी नियमात लिहिलं नव्हतं. कुणाच्या स्वयंपाकघरात बसून, त्या बाईचा नवरा कसा गेला ते ऐकून, ते खिशात घालून घेऊन जाईल असा माणूस असतो, हे कलम लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. मी त्या माणसाबरोबर एका खोलीत वाढले आहे.

हेन्री फ्रीसनला शेतात छातीत दुखायला लागलं. लोन पॉपलरच्या इस्पितळातला तातडीचा विभाग वर्षभरापूर्वी बंद झालेला. ट्रूडी त्याला गाडीत घालून पुढच्या गावाला निघाली. रस्त्यात तो तिला म्हणत होता, "हळू चालव, हरणं असतात." पुढच्या गावी पोहोचेपर्यंत तो गेला होता. हे तिने तुला सांगितलं. आणि आता ग्रँट टेबलापाशी बसेल, तिने तोंड उघडण्याआधी तिचं नाव घेईल, आवाज खाली आणेल आणि हरणांपर्यंत सगळं सांगेल. ती रडेल. रडणारी बाई "उत्तर मिळालं नाही" म्हणत नाही. हेच ना?

तू हे आधी केलं आहेस. जे मी जानेवारीत लिहिलं नाही ते आता लिहिते. आई इस्पितळाच्या बोळात स्ट्रेचरवर पडून होती. खोली रिकामी नव्हती. तिचे पाय गार पडले होते, आणि ती तुला म्हणाली, माझे लोकरी मोजे कुठे ठेवलेस? मोजे घरी राहिले होते. तू आपला कोट काढून तिच्या पायांवर घातलास. हे तू मला फोनवर सांगितलंस, सांगताना तू रडलास, आणि मला वाटलं, लॉयड कसाही असला तरी आपला आहे. मग महिन्याभरात ती वादचर्चा. मी एकटी टीव्हीसमोर बसले होते. ग्रँट मॅकेल्वी म्हणाला, "मी परवा ओलेना नावाच्या एका आजींना भेटलो. त्यांचे पाय गार पडले होते." तो तिला कधीही भेटला नव्हता. आपल्या आईचं नाव त्याने अगदी बरोबर उच्चारलं. तू त्याच्याकडून घोकून घेतलं असणार. मोजे, बोळ, सगळं सांगितलं, कोट मात्र त्याचा स्वतःचा झाला होता. लाल दिवा लागायच्या आत गोष्ट संपवली, आणि ती कष्टाळू कुटुंबांवर नेऊन ठेवली.

पेपरात लिहिलं होतं, "मुख्यमंत्र्यांनी डोळ्यांत पाणी आणलं."

चार वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही ते यासाठी. तुला ते कळलं असेल असं मी धरून चालले होते. आता वाटतं, कदाचित तुला खरंच कळलं नसेल. म्हणजे तू मला वाटला होतास त्याहूनही लहान आहेस.

मी ट्रूडीला एवढंच सांगितलं, की माझ्या भावाला जे सांगितलंत ते सगळं मुख्यमंत्र्यांना माहीत असेल. अध्यक्ष म्हणून मला त्यापुढे काही सांगता येत नाही.

ती म्हणाली, "म्हणजे ते रडणंसुद्धा?"

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही." आणि खरंच माहीत नाही.

इर्मा


राजधानी, १७ ऑक्टोबर

लॉयड,

काल वादचर्चेत काय झालं ते तुलाच लिहून पाठवते आहे, कारण एव्हाना तू त्याला वेगळा आकार द्यायला घेतला असशील.

ट्रूडी निळा स्वेटर घालून आली. हात टेबलावर ठेवले, ते शेवटपर्यंत हलले नाहीत. तिने विचारलं, "लोन पॉपलरचा तातडीचा विभाग कुणी बंद केला?"

ग्रँट पुढे झुकला. अपेक्षेप्रमाणे. "ट्रूडी, हेन्रीबद्दल मला ठाऊक आहे. त्या दिवशी गाडीत तो तुम्हाला म्हणाला, हळू चालव, हरणं असतात. शेवटच्या घटकेलाही त्याला तुमची काळजी होती. मी दोन रात्री झोपलो नाही..."

तिने त्याला पूर्ण बोलू दिलं. कार्यक्रमात घड्याळ नव्हतं, त्यामुळे त्याची सुटका करणारा लाल दिवाही नव्हता. त्याचे शब्द संपले. तो थांबला.

"हे मला माहीत आहे," ट्रूडी म्हणाली. "गाडी मी चालवत होते. मी विचारलं, बंद कुणी केला. उत्तर मिळालं नाही."

ग्रँट डॉक्टरांच्या टंचाईवर बोलला, सगळ्या देशात कशी आहे ते.

"उत्तर मिळालं नाही."

मग तो कष्टाळू कुटुंबांवर आला. "कष्टाळू" म्हणाला आणि पुढचा शब्द त्याला उच्चारता आला नाही. त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिलं, जिथे तू उभा होतास. सगळ्या प्रांताने त्याला तुझ्याकडे बघताना पाहिलं. आणि तू, लॉयड, जमिनीकडे पाहिलंस.

"मी," तो म्हणाला. "सही माझी आहे."

नोरीनबाईंचा माइक सुरू झाला तेव्हा त्यांना आनंद लपवता येत नव्हता. "पाहिलंत? शेवटी कबूल केलं!"

ट्रूडी त्यांच्याकडे वळली. "तुम्ही तो परत उघडाल?"

"आमचं सरकार या प्रश्नाकडे अत्यंत संवेदनशीलतेने..."

"उत्तर मिळालं नाही."

"आम्ही तज्ज्ञांची एक समिती..."

"उत्तर मिळालं नाही."

नोरीनबाईंनी कीथला शोधलं. कीथ फोनमध्ये बघत होता. "नाही," त्या हळूच म्हणाल्या. "डॉक्टर माझ्याकडेही नाहीत. दोन वर्षं तरी नाही."

ट्रूडी म्हणाली, "बरं. म्हणजे मला घर विकून शहराजवळ जायचं की नाही, ते आता ठरवता येईल." तिला आभार नको होते, आश्वासनही नको होतं. तिला फक्त ठरवायचं होतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून एवढी वर्षं तिला तेवढंही करू दिलं नव्हतं.

नंतर बोळात मी तुला गाठलं. मी विचारलं, "आईची गोष्ट त्याला का दिलीस?"

तू म्हणालास, "आईला आवडलं असतं, तिच्यामुळे लोकांचं लक्ष..."

मी तिथेच उभी राहिले. तू पुन्हा सुरू केलंस, ग्रँटला खरंच कळवळा आहे वगैरे. मी उभीच. मग तू भिंतीला टेकलास. तुझा टाय सुटला होता आणि तू अचानक खूप म्हातारा दिसलास.

"कारण ती गोष्ट चालली असती," तू म्हणालास. "आणि चालली."

इतकी घाण गोष्ट मी कुणाच्या तोंडून फार दिवसांत ऐकली नव्हती. तरी खरं सांगते, चार वर्षांत तू मला खरं म्हणून सांगितलेली ती पहिली गोष्ट होती. मी तशीच हॉटेलवर गेले आणि झोपले. गाढ झोप लागली.

इर्मा


विलो बेंड, ११ नोव्हेंबर

लॉयड,

तुझा ग्रँट निवडून आला. पक्षाच्या चार जागा घटल्या, पण आला. पेपरांनी आमची वादचर्चा "संथ" ठरवली, कुणी कुणाला लोळवलं नाही म्हणून. मग मतदानाआधी तुमच्या पक्षाची जाहिरात आली, "सही माझी आहे" म्हणतानाचा ग्रँटचा चेहरा, खाली ओळ, "खरं बोलणारा माणूस." टेबलाच्या कडेला ट्रूडीचा निळा स्वेटर दिसत होता. ती मला म्हणाली, आता ती तो घालत नाही.

मला तुझ्याबद्दल जे वाटलं ते मी लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही, कारण परवा कीथ दुकानात भेटला. म्हणाला, "लॉयडने ती जाहिरात करायला नकार दिला, कळलं का? त्याला काढलं. सामान खोक्यात भरून गेला." मग चेहरा पाडून म्हणाला, "आता माझ्याशी भांडणार कोण?"

आणि काल सचिवांकडे दोन्ही पक्षांचं संयुक्त निवेदन आलं. पद्धत उत्तम आहे, टेबल राहू दे, माइक राहू दे, "उत्तर मिळालं नाही" हे कलम तेवढं वगळावं. विधानसभेत इतकं एकमत कुठल्या इस्पितळावर झालेलं मला आठवत नाही. मी परत लिहिलं, कलम राहील, नको असेल तर मला काढा. बहुतेक काढतील. मग दुसरी समिती, दुसरे स्टँड, केस विंचरलेला दुसरा निवेदक. पण प्रांतातल्या एका शाळेत पोरं मुख्याध्यापकांना ते वाक्य म्हणायला लागली आहेत, असं ऐकते. ते कलम काढायला कुठली समिती बसेल, बघू.

तू एक जाहिरात केली नाहीस म्हणून मी तुला माफ केलं, असं समजू नकोस. चोराने एका घरी चोरी केली नाही तर आम्ही त्याला पदक देत नव्हतो.

पण काल संध्याकाळी तुझा फोन आला. तू फक्त एवढंच म्हणालास, "मी ती केली नाही, इर्मा." मी म्हटलं, "कळलं." मग तू विचारलंस, "ख्रिसमसला येऊ का?" आणि मी, मोठी न्यायाधीश, सगळ्या प्रांताला उत्तर द्यायला शिकवणारी, थंडीबद्दल बोलले. रस्ते किती वाईट आहेत त्याबद्दल बोलले. शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलले. आणि तू बिचारा "हो, हो" म्हणत ऐकत राहिलास, आणि फोन ठेवलास.

ये.

इर्मा